कोवळं ऊन
शेंगदाणा दिसला तशी खार टोपलीत पुढे सरकली, पण मागचे पाय नुसतेच फरपटत आले. द्वारकामावशींनी हातातला शेंगदाणा टाकून तिला उचललं. घरट्यातून पडलेलं हे पिल्लू त्यांनीच वाढवलेलं. पदरात गुंडाळून त्या जनावरांच्या डॉक्टरांकडे धावल्या.

डॉक्टर म्हणाले, "कॅल्शियम कमी पडलंय. शेंगदाणे बंद, ही पावडर सुरू. ऊन देता का हिला?"

मावशींना पोटी मूल नव्हतं, पण गावभरच्या तान्ह्यांना तेल लावताना 'कोवळ्या उन्हात धरा गं' म्हणून आयांवर त्याच डाफरत. आणि हिला मात्र मांजराच्या धाकाने महिनाभर कपाटामागे कोंडलेलं!

दुसऱ्या सकाळी अंगणात बसलेल्या मावशींना एका बाळंतिणीचा फोन आला. "मावशी, बाळ मालिशीसाठी खोळंबलंय."

"जरा खोळंबू दे गं. आज आधी माझं बाळ उन्हात बसलंय."