अडतीस सेकंद

बाटली उलटी केली की बुडबुडा खालून वर निघायचा, आणि वर पोचायला त्याला चाळीस सेकंद लागायचे. आज अडतीस लागले. कमारियाने बाटली पुन्हा अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात ठेवली, दहा मिनिटं थांबली, परत उलटी केली. अडतीस.

ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी शिरलं की ते पातळ होतं आणि बुडबुड्याची वाट सोपी होते. ही परीक्षा तिला थोरल्या मिसनी शिकवली होती. आधी डोळे, मग यंत्र. तिने यंत्रावरही तपासलं. मार्चमध्ये अकरा नंबरच्या टाकीत पाणी पाव टक्का होतं. आज पॉइंट शेहेचाळीस भरलं.

कागद घेऊन ती ऑफिसात गेली. गुरुवार होता. पासिर गुडांग बंदराजवळच्या त्या छोट्या ग्लिसरीनच्या कारखान्यात गुरुवारी सकाळी दोन गोष्टी ठरलेल्या असत: बाजाराचं साप्ताहिक पत्रक आणि दलाल कदिरेशनचा फोन. मालक ल्यू कोक सेंग यांना सगळे तौके म्हणत. ते पत्रक वाचत होते आणि टेबलावरच्या फोनमधून कदिरेशन बोलत होता.

"वाचलंत ना तौके? सुमात्रात पामतेलाचं डिझेल करणारे आणखी दोन कारखाने. त्यांचं ग्लिसरीन बाजारात आलं की आपल्याला कुत्रं विचारणार नाही."

"वाचलं. पुढची तिमाही मंदीची."

"मग त्या अकरा नंबरच्या टाकीला आता तिकीट लावा. शाळेतली पोरं बघायला येतील."

"पहिलं तिकीट तू काढ. तुला अर्ध्या दरात."

कदिरेशन हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सुराबायाचा टूथपेस्टवाला आज दुपारपर्यंत थांबलाय. भाव या वर्षातला सगळ्यात खालचा आहे, खोटं कशाला बोलू. पण नंतर तो दुसरीकडून घेईल."

"थांबू."

"भाव चढला होता तेव्हाही थांबूच म्हणालात!"

"तेव्हा अजून चढणार होता."

"जुलैत?"

"जुलैत तू फार घाई करत होतास. दहा मिनिटांनी फोन कर." तौकेंनी फोन बंद केला.

कमारिया उभीच होती. आठ महिने तिने हेच ऐकलं होतं. पत्रकात तेजी असो की मंदी, बाकीच्या टाक्या भरायच्या, रिकाम्या व्हायच्या. अकरा नंबर मात्र मार्चपासून भरलेली. थोरल्या मिस, म्हणजे तौकेंची बहीण, एप्रिलमध्ये वारल्या. तेहेतीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळा सांभाळली आणि तौकेंनी बाजार. त्यानंतर तौकेंचं बाजाराचं गणित बिघडलं, असं कारखान्यात सगळे म्हणत.

टेबलाच्या काचेखाली अकरा नंबरचा तपासणी दाखला होता. तो फाइलमध्ये असायला हवा. कमारियाने दोनदा मागितलाही होता.

"तौके, अकरामध्ये पाणी पॉइंट शेहेचाळीस आहे."

"अर्ध्या टक्क्याच्या आत आहे ना?"

"आज आहे. या दमट हवेत दोन आठवड्यांनी नसेल."

"मग?"

"मग हा माल या प्रतीचा म्हणून विकता येणार नाही. दुसऱ्या मालात मिसळून पुन्हा शुद्ध करावा लागेल. बॅचचा नंबर जाईल. दाखला नवा निघेल." तिने कागद टेबलावर ठेवला. "त्यावर सही माझी असेल."

तौकेंनी कॉफीचा कप बाजूला केला. कपाचा ओला गोल काचेवर उमटला होता. तो त्यांनी अंगठ्याने पुसला. खाली बहिणीची सही होती. अक्षरं बारीक, सरळ. फक्त शेवटची रेघ हलली होती.

"ताईचा हात कधी हलायचा नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी म्हणाली, पेन खराब आहे."

खाली आवारात कुणीतरी टँकर मागे घेत होतं.

"आज गेली तर?" तौकेंनी विचारलं.

"तर दाखला हाच. आजची तपासणी मी सोबत जोडीन. नक्कल मालाबरोबर जाईल, मूळ प्रत आपल्याकडे. आणि भरताना एक बाटली काढून, सील करून आपल्या कपाटात. नेहमीसारखी. लेबलवर बॅचचा नंबर आणि तपासणाऱ्याचं नाव."

"त्या बाटल्या आपण दोन वर्षांनी टाकून देतो ना?"

"नियम निदान दोन वर्षांचा आहे. जास्तीत जास्त किती, ते कुठं लिहिलेलं नाही."

तौकेंनी खिडकीतून अकरा नंबरकडे पाहिलं.

"टाकी श्वास घेते, तौके," कमारिया हळू म्हणाली. "दिवसा गरम होते, रात्री गार. दर वेळी थोडी हवा आत ओढते. बाटली घेत नाही."

फोन वाजला. कदिरेशनचा आवाज पडलेला होता.

"तौके, भाव आणखी पाच डॉलरनं उतरला. तुम्ही थांबूच म्हणणार, म्हणून त्याला मी नाहीच सांगून टाकतो—"

"कदिर," तौके म्हणाले, "भाव विचारलाय का मी तुला? अकरा नंबर दिली."