नाशपातीखालचा मांडव

"तिथे नको," झेनोन म्हातारा पुन्हा म्हणाला.

शिमोनने पहार थांबवली. लग्न त्याचं, पण अंगण म्हाताऱ्याचं. नवरदेवाला जमेल तेवढ्या गोडीत तो म्हणाला, "आजोबा, चार खांब तर रोवायचेत. सावली काय ती याच झाडाखाली आहे."

"खाली पाण्याचा पाइप आहे."

"विहीर पलीकडे आणि पाइप इकडे?" किंगा हसली. "आजोबा, नातीच्या लग्नात तरी थापा मारू नका."

म्हातारा हसला नाही. पोलंडमधल्या बग नदीकाठचं हे गाव सोडून तो कधी कुठे राहिला नव्हता. किंगा आणि शिमोनचं सरकारी लग्न कालच कचेरीत उरकलं होतं. आज ना पाद्री होता, ना ज्यूंचा धर्मगुरू रब्बी. नुसती घरची माणसं, वोडका आणि गवतावर मांडलेली बाकं. किंगाच्या आईने रीतीप्रमाणे पाव आणि मीठ देऊन दोघांचं स्वागत केलं होतं. आता शिमोनकडचं ज्यू पद्धतीचं राहिलं होतं: मांडव, नवरीचे सात फेरे आणि नवऱ्याने पायाखाली पेला फोडणं. शिमोनची आजी गुस्तावा एवढ्याच अटीवर वॉर्साहून आली होती. दुसऱ्या महायुद्धातून तिच्या घरातली ती एकटी वाचली होती. तिने या लग्नाला मोठ्या मुश्किलीने होकार दिला होता, आणि आज काही बिनसेल अशी धास्ती किंगाला सकाळपासून होती.

शिमोनने हाताला आलेली एक नाशपाती तोडून चावली. "साखर आहे नुसती! आणि तुम्ही कडू म्हणून डुकरांना घालता?"

किंगालाही लहानपणापासून तेच सांगितलं होतं. तिने ते फळ कधी तोंडाला लावलं नव्हतं.

"खांब हातात धरले तरी चालतात," गुस्तावा बाकावरून म्हणाली. "खणू नका. आणि एक खांब तुम्ही धरा, झेनोनदादा. नवरीकडचे वडीलधारे तुम्हीच. नाही म्हणायचं नाही."

म्हाताऱ्याने खांब उचलला. चौघांनी चार खांब धरले, वर शिमोनची प्रार्थनेची पांढरी शाल ताणली. म्हाताऱ्याचा कोपरा सारखा खाली झुकत होता. वय झालं, असं सगळ्यांना वाटलं.

किंगा शिमोनभोवती फेरे घालू लागली. म्हातारा काहीतरी पुटपुटत होता. प्रार्थना म्हणत असेल, असं समजून पाहुणे गप्प राहिले. त्याच्या जवळून जाताना तिला शब्द कळले.

"हळू, पोरी. इथे हळू पाय टाक."

तिने पुढचं पाऊल जपून टाकलं. का, ते तिला सांगता आलं नसतं.

फेरे संपले. रुमालात गुंडाळलेला पेला शिमोनच्या पायाशी ठेवला गेला. किंगाचा मामा ओरडला, "हाण जोरात! घरात कुणाचं चालणार ते आत्ताच कळू दे!" शिमोनने हसत पाय उचलला.

झेनोनने खांब सोडला. शाल नवरानवरीच्या डोक्यावर कोसळली, आणि म्हातारा गुडघ्यांवर पडून त्या रुमालावर दोन्ही हात पसरून बसला.

"लाथ मारू नको. त्यांच्यावर लाथ मारू नको."

"आजोबांना चढली!" मामा हसला. एकटाच हसला.

गुस्तावा उठली. हळूहळू चालत आली आणि लग्नाच्या कपड्यांनिशी त्याच्यासमोर गवतावर बसली.

"कोण आहे इथे?"

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. "हायका. शाळेत माझ्या बाकावर बसायची. ती, आणि तिच्या घरचे. आमच्या कोठारात लपले होते."

"जर्मनांनी मारलं?"

त्याने स्वतःच्या घराकडे पाहिलं.

"जर्मन आमच्या अंगणात कधी आलेच नाहीत," तो म्हणाला.

शालीखाली किंगाने शिमोनचा हात धरला. हात तिथेच होता. बोटं मात्र त्याने मिटली नाहीत.