जेरुसलेमची माती

धर्मयुद्धाला निघालेला ओदो न्हावी फ्रान्सपासून अक्का बंदराच्या धक्क्यापर्यंत बोट लागून नुसता ओकत आला. पुढे लढायचं त्राण नव्हतं, आणि रिकाम्या हातानं परतला असता तर गावानं तोंडात शेण घातलं असतं.

धक्क्यावर तक्ला नावाची बाई यात्रेच्या खुणा विकायची.

"ही खजुराची झावळी अन् ही जेरुसलेमची माती. घे आणि पुढच्या जहाजानं घर गाठ, लेकरा."

"माती खरंच तिथली आहे, मावशी?"

"माझ्या परसातली. पण परसाचं तोंड जेरुसलेमकडेच आहे."

"गावात कुणी ओळखलं तर?"

"आजवर कुणी ओळखलं नाही," म्हणत तिनं पुडीला निळ्या दोऱ्याची तिहेरी गाठ मारली.

ओदो गाठीकडे बघतच राहिला. "अगदी अश्शीच पुडी आमच्या चर्चमध्ये आहे! दर रविवारी सारा गाव तिच्यापुढे गुडघे टेकतो. आमचे पाद्रीबाबा स्वतः जेरुसलेमला लढले, तेव्हा आणलीय त्यांनी."

तक्लाला हसू आवरेना.

"अगं बाई! म्हणजे त्यांनाही बोट लागली होती तर!"