मोठा

अहेरीकडच्या रानात वाघाला कुणी वाघ म्हणत नसे. नाव घेतलं की तो ओ द्यायला येतो, अशी धास्ती. म्हणून लहानथोर सगळे नुसतं ‘मोठा’ म्हणत. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेली तिसरी बाई मेली, तेव्हाही गाव एवढंच म्हणालं, “मोठ्यानं धरलं.”

फौजदार मेश्रामांनी मात्र मानेवरचा घाव निरखून पाहिला होता. तो दातांचा नव्हता, कुऱ्हाडीचा होता. खुनी सावध होऊ नये म्हणून त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. रानात वाट दाखवणाऱ्या खुशाललाही नाही. खुशाल तर भलताच भित्रा. साहेबांच्या तोंडून चुकून ‘वाघ’ निघालं, की तो कानाला हात लावी. “नाव नका घेऊ जी, साहेब!”

आज दोघंच त्या मोहाच्या झाडांकडे निघाले होते. नेहमी पुढे चालणारा खुशाल नाला ओलांडल्यावर का कोण जाणे, मागे राहिला. एवढ्यात झुडपात काहीतरी खसपसलं. फौजदार जागीच थिजले. कधी नव्हे ते त्यांच्याही तोंडून तोच शब्द निघाला, “खुशाल, मोठा तर नाही ना रे?”

खुशालने खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेतली आणि तो हसला.



“काऊन भेता, साहेब? त्या बायांले काय वाघानं मारलं?”