फौजदारांची खुर्ची

"हॉलमध्ये ओळख दाखवायची नाही हं," घरातून निघताना तिनं बजावलं. "मूल्यमापन मी करणार. बापलेक आहोत हे कळलं, तर माझा अहवाल कचऱ्यात."

"जशी आज्ञा, ठमाबाई," फौजदार म्हणाले. हे नाव घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

हॉलचे पडदे निळे होते. ऊन त्यांतून गाळून येई, आणि माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसत. फौजदार आणि त्यांची जीप चालवणारे हवालदार समोरासमोर बसले. इतकी वर्षं एका गाडीत, पण बोलणं 'डावीकडे घे' एवढंच. पोलिसांची आपसांत मनं जुळावीत म्हणून हे प्रशिक्षण होतं. ती जुळतात का, हे लेकीनं बघायचं होतं.

"खुर्च्या बदला," प्रशिक्षक म्हणाले. "आता समोरचा होऊन बोला."

हवालदार फौजदारांच्या खुर्चीत बसून गरजले, "अरे, गाडी हाकतोयस की गोगलगाय?"

सगळे हसले. फौजदार तर पोट धरून.

जेवणाच्या सुट्टीत ते तिच्यापाशी आले. "मॅडम, आमच्यासोबत दोन घास?"

"नको, साहेब," ती वर न बघता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गस्तीवरून परतताना जीप धुक्यात, वळणावर उलटली. दोघांतला एकच परत आला.

काही महिन्यांनी मूल्यमापनाची शेवटची फेरी झाली. तेच निळं पाणी. "मागच्यासारखंच बसा," प्रशिक्षक म्हणाले. फौजदारांच्या खुर्चीतला माणूस वाळला होता. कुबडी भिंतीला टेकवलेली. समोरच्या खुर्चीत ती बसली.

"प्रशिक्षणाचा उपयोग झाला?" तिनं विचारलं.

"झाला तर! आधी जीपमध्ये दोन दगड बसायचे. त्या गस्तीत मात्र दिवसभर टकळी."

"कशाबद्दल?"

"लेकीबद्दलच. नाकावर माशी बसू द्यायची नाही म्हणे, लहानपणापासून." तो थांबला. मग आवाज खाली आला. "रुसलीस का, ठमाबाई? मी नाही रुसलो. तू आपलं काम करत होतीस."

तिच्या हातातलं पेन खाली पडलं. कुणी उचललं नाही. पडदा हलला, भिंतीवर ऊन डुललं.

"मग, आमच्यासोबत दोन घास?"

या वेळी तिनं वर बघितलं. तेव्हा फौजदारांच्या खुर्चीतून हवालदार हळूच उठले, कुबडी घेऊन भिंतीशी जाऊन उभे राहिले.

"चला, बाबा," ती त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "जेवून घेऊ."