पाळण्यावरची हाळी

आकाशपाळण्यात बसायच्या आधी पाळणावाल्यानं जोतीरामाच्या हातातली काठी काढून घेतली आणि खांबाला टेकवून ठेवली.

"जपून ठिव रं बाबा ती," गेणबा म्हणाला. "मेंढरं इकून तीन वर्सं झाली, पर काठी सुटत न्हाय. एकडाव बायको इसरंल, काठी न्हाय इसरायचा."

बरोबरचा हिंदुराव खो खो हसला. जोतीराम हसला नाही, रागावलाही नाही. कुणाच्या बोलण्याला लगेच उत्तर द्यायचं नाही, ही त्याची रीत. गेणबाची रीत निराळी. कुणाकडं काय नाही, याची यादी त्याला तोंडपाठ असे आणि तिची उजळणी केल्याशिवाय त्याचा दिवस मावळत नसे. आज बारामतीच्या शेतकी प्रदर्शनातही दुपारपासून तेच चाललं होतं. जोतीरामाला ठिबक कळत नाही, त्याच्या घरी कलर टीव्ही नाही, ट्रॅक्टरच्या सीटला त्याचं बूड कधी लागलं नाही. मेंढरांच्या मांडवापुढं तर गेणबानं त्याला मुद्दाम थांबवलं होतं.

"तुझं सोयरं आल्यात बघ, जोत्या. रामराम तरी घाल."

एक ‘नाही’ मात्र गेणबानं यादीत कधी घेतलं नव्हतं, कारण ते त्याचं स्वतःचं होतं. उंचावर त्याचे पाय कापत. घरच्या माळ्यावर चढायचं म्हटलं तरी त्याचा गुडघा नेमका त्याच दिवशी दुखे. पण हिंदुरावानं न विचारता तिकिटं आणली होती, आणि जोतीरामादेखत नको म्हणायचं म्हणजे उद्यापासून गावात, पिंपळीच्या पारावर दुसरा विषय नाही. गेणबा निमूट बसला. हिंदुराव पुढच्या पाळण्यात, हे दोघं मागच्यात. चाक फिरायला लागलं तसं गेणबानं डोळे गच्च मिटले आणि समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली.

दिवस मावळून तासभर झाला होता. तिसऱ्या फेरीला पाळणा अगदी टोकाला गेला आणि सगळ्या प्रदर्शनाची लाईट गेली.

चाक जागच्या जागी थांबलं. कर्णे गप झाले. खाली पोरं, बाया एकदम किंचाळल्या. काय झालं म्हणून गेणबानं डोळे उघडले, तर जमीनच नाही. खाली काळोख, बाजूला काळोख, आणि बुडाखाली करकरणारं एक फळकूट.

"आयव! उतरवा! मला उतरवा!"

तो ताडकन उभा राहिला. पाळणा कलला. गेणबाचा एक पाय दांडीवर गेला.

जोतीरामानं काही विचार केला नसावा. कातरताना मेंढरू धरावं तसं त्यानं गेणबाला खाली ओढलं, मुंडकं बगलेत घेतलं, एक हात हनुवटीखाली लावला आणि गुडघ्यात आवळून धरला. साखर कारखान्याचा सभासद, पाच एकर उसाचा धनी गेणबा जोतीरामाच्या खांद्यावरच्या घोंगड्याच्या वासात नाक खुपसून थरथरत राहिला. मग जोतीरामाच्या गळ्यातून, पार जिभेच्या मुळातून, एक आवाज निघाला. र्रर्रर्र… आणि त्यामागं लांबच लांब होऽऽ. अंधारात बुजलेली मेंढरांची खांडं बसती करायची ती हाळी. त्यानं ती तीनदा घातली.

खालून, मांडवाच्या बाजूनं, एक मेंढी ओरडली. मग दुसरी. मग सगळी.

माणसं गप झाली. मघाशी किंचाळणारी सगळी जत्रा त्या अंधारात कान लावून उभी राहिली. वरून होऽऽ, खालून मेंढरं, आणि मध्ये कुणीही नाही.

"डोळं उघड," जोतीराम हळूच म्हणाला. "खाली बघू नगं. वर बघ."

गेणबानं बगलेतूनच वर बघितलं. दिवे गेले तसं आभाळ खाली उतरलं होतं. इतकं जवळ, की हात उचलायची भीती वाटावी.

"त्या एका वळीतल्या तीन चांदण्या, त्ये तिकांडं," जोतीराम म्हणाला. "आमी त्येच्यावरच रानात येळ बघायचो. घाबरू नगं. आभाळ धरून हाय आपल्याला."

गेणबाचा श्वास संथ झाला. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. मग एकदम लाईट आली, कर्णे गायला लागले, आणि त्यानं पहिल्यांदा खाली बघितलं. मांडवातली सगळी मेंढरं उठून उभी होती. एकूण एक तोंड पाळण्याकडं.

खाली उतरल्यावर हिंदुराव पोट धरून हसत आला. "वर मेंढरागत कोन वरडत हुतं रं?"

गेणबा खाली वाकून वहाण चाचपायला लागला.

"मेंढरंच वरडली की," जोतीराम म्हणाला. "तुला आयकू आलं न्हाय व्हय?"

विषय तेवढ्यावर राहिला. तिघं एसटी स्टँडाकडं निघाले. फाटकाशी जोतीराम थबकला. त्याचा हात रिकामा होता.

"ऱ्हाऊ दे, तू थांब," गेणबा म्हणाला. "मी आणतो."

खांबाजवळची काठी घेऊन तो परत फिरला आणि मेंढरांच्या मांडवापाशी थांबला. मेंढरं आता बसली होती. गेणबानं मागंपुढं बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. त्यानं काठी जोतीरामासारखी खांद्याला लावली, घसा साफ केला आणि जिभेच्या मुळातून आवाज काढला. र्रर्र… होऽऽ.

एक म्हातारी मेंढी तेवढी वळली. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं, आणि मान वळवून परत रवंथ करायला लागली.