ओठांचं काम

"तू फक्त ओठ हलव," गाण्याच्या बाई म्हणाल्या. "आवाज अजिबात काढायचा नाही. हे सगळ्यात अवघड काम आहे, म्हणून तुला देतेय."

पाच वर्षांच्या मुलीने गंभीरपणे मान डोलावली. शाळेतली मावशी तिला लाडाने भोंगू म्हणे, आणि ते नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. ती गायला लागली की खिडकीची तावदानं थरथरत. सुराशी तिचं कधी जमलंच नाही. सूर पूर्वेला निघाला, तर भोंगू पश्चिमेला. शिशुवर्गाच्या कार्यक्रमाला तीन आठवडे उरले होते, आणि बदकाच्या गाण्यात एकतीस मुलं एकीकडे नि ही एकटी एकीकडे. मोठ्या बाईंनी तर सांगूनच टाकलं होतं, "यंदा तरी गाणं गाण्यासारखं ऐकू येऊ दे."

खोटं बोलून झालं, पण बाईंना दिवसभर चैन पडेना. लेकराला गप्प केलं, तेही गोड बोलून. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदी चांदण्यांचं पाकीट आणलं. सराव संपला की एक चांदणी भोंगूच्या मनगटावर चिकटवायची. लाच होती ती, दुसरं काय. भोंगू मात्र चांदणीचा हात छातीशी धरून घरी जायची.

"हिलाच का रोज?" पुढचे दोन दात पडलेल्या एकाने एकदा विचारलंच.

"कारण ती आपलं काम सगळ्यात छान करते," म्हणत बाईंनी वेळ मारून नेली. पोरांनी ते नीट ऐकून घेतलं. जे ऐकू नये ते पोरं नेमकं नीट ऐकतात.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळे कंटाळले होते. बाईंनी पाकिटातल्या मोठ्या सोनेरी चांदण्या काढून दाखवल्या. उद्या जे छान काम करतील त्यांना या मिळतील, असं कबूल केलं. मग हात धुवायच्या रांगेत भोंगूभोवती घोळका जमलेला त्यांनी पाहिला. "असं," भोंगू शिकवत होती, "तोंड मोठं उघडायचं आणि आवाज गिळून टाकायचा." बाईंना वाटलं, चाललाय काहीतरी खेळ. त्या पेटी झाकायला निघून गेल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एका उंच माणसाने बाईंना गाठलं. भोंगूचे बाबा. सुट्टी काढून आले होते. ते गरजेपेक्षा मोठ्याने बोलत होते.

"यंत्रांपाशी पंधरा वर्षं काढली, कान गेले हो माझे. घरात एक हिचं तेवढं ऐकू येतं मला. पण गेले तीन आठवडे गातच नाही. बाईंनी अवघड काम दिलंय, सराव करतेय म्हणते. म्हटलं, आज ऐकूच."

बाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या, जे त्या माणसाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. अजून वेळ होता. पडद्यामागे जाऊन पोरीला एवढंच सांगायचं होतं, की गा बाळ, मोठ्याने गा. त्या गेल्याही. भोंगू रांगेत टाचा जुळवून उभी होती. तिच्या डोक्यावरून, पडद्याच्या फटीतून बाईंना पहिल्या रांगेत बसलेल्या मोठ्या बाई दिसल्या. बाईंनी नुसती भोंगूची रिबीन सारखी केली आणि पेटीपाशी जाऊन बसल्या.

पडदा उघडला. बाईंनी सुरावट वाजवली आणि मान हलवून खूण केली.

बत्तीस तोंडं उघडली. आवाज एकाचाही आला नाही.

बाईंना वाटलं, घाबरली पोरं. त्यांनी सुरावट पुन्हा वाजवली. पोरं घाबरलेली नव्हती. जीव ओतून ओठ हलवत होती, भुवया उंचावून, मान वेळावून. दात पडलेला तर बाईंकडे बघून हसतही होता, दिसतंय ना माझं काम, अशा थाटात. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांचे कान तापले. करावं तसं भरावं म्हणतात, ते इतकं हातोहात. सभागृहात कुणीतरी खाकरलं. तिसऱ्या रांगेत भोंगूचे बाबा कानामागे तळहात धरून पुढे वाकले होते. बाईंची बोटं चालत राहिली, कारण थांबून करायचं काय तेही कळत नव्हतं.

भोंगूने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. आणि तिने आवाज सोडला.

पश्चिमेचा तोच सूर. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बदकाचं अख्खं गाणं ती एकटी गायली. बाकीच्यांनी सोनेरी चांदणीच्या आशेने शेवटपर्यंत तोंडं मिटली नाहीत. बाबांनी कानामागचा हात खाली घेतला. टाळ्यांना सगळ्यांत आधी सुरुवात त्यांनीच केली.

पडदा पडल्यावर भोंगू पेटीपाशी आली. तिचे डोळे भरले होते. मनगटावरची कालची चांदणी नखाने खरवडून काढत होती.

"घ्या बाई. माझ्याकडून आवाज निघाला."

बाईंनी हात पुढे केला नाही. "मग का गं गायलीस?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"कुणीच म्हणत नव्हतं," भोंगू म्हणाली. "तुम्ही एकट्याच पडला होतात."